बोकड, एडका आणि सहा पोती सोयाबीन

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या प्रभुभोजनाची तयारी चालली होती, तेव्हा चर्चच्या आवारातल्या लिंबाला एक काळा बोकड बांधलेला दिसला. त्याचा धनी पायरीवर उकिडवा बसलेला. नाव-गाव सांगत नाही. हे लिहू का, एवढं मात्र त्यांना विचारून घेतलंय. त्यांचं आजोळ जालन्याजवळच्या बेथेलचं, म्हणजे नारायण शेषाद्रींनी १९व्या शतकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीतलं. इतक्या पिढ्या चर्चमध्ये गेल्या, तरी बोकड!

"पाळकसाहेब, ईस्टरला मंडळीला जेवू घालायचंय. मपल्या हातून पाप झालं, त्याचं प्रायश्चित्त."

पाप असं: चुलतीचं रान ते बटईनं करतात. चुलती मुलाकडं संभाजीनगरला असते. दिवाळीच्या सुमारास मळणी झाली आणि तिच्या वाट्यातली पाच पोती सोयाबीन यांनी आपल्या खोलीत टाकली. पोत्यात ६० किलो, म्हणजे तीन क्विंटल. तिनं फोनवर विचारलं तर लेकराची शपथ घेऊन "औंदा उताराच कमी" म्हणाले.

मी बायबल उघडलं ते लेवीय ६ वर. लेवीय म्हणजे जुन्या करारातलं यज्ञांच्या नियमांचं पुस्तक. हा अध्याय जणू याच प्रकरणासाठी लिहिलाय: शेजाऱ्याचा माल दाबला, वर खोटी शपथ वाहिली. तिथं सांगितलेला क्रम लोक हमखास उलटा धरतात. आधी मूळ माल पुरा परत, त्यावर पाचवा हिस्सा जास्त, तोही ज्याचा त्याच्या हातात. मग दोषबली, म्हणजे अपराधासाठीचा यज्ञ. आणि दोषबलीला एडका, म्हणजे मेंढा लागतो, तोही निर्दोष. बोकड चालतच नाही. बोकड होता अधिपतीच्या पापबलीसाठी, आणि पापबली हा पापासाठीचा वेगळा यज्ञ. साध्या माणसाला शेळी किंवा कोकराची मादी. ऐपत नसेल तर दोन पारवे, तेही जमत नसेल तर एफा या जुन्या मापाचा दहावा भाग सपीठ, त्यात तेल नाही की ऊद नाही. गरिबाला पीठ चालत होतं, हे ऐकून ते चमकले. रक्ताशिवाय देव ऐकतच नाही, अशी त्यांची समजूत होती.

खरी गफलत कंदुरीनं केली होती. आपल्याकडं कंदुरीत बोकड कापायचा, गाव जेवतं, नवस फिटतो, आणि धनीही ताटावर बसतो. लेवीयात याच्याशी जुळणारा यज्ञ शोधला तर तो शांत्यर्पणाचा: चरबी वेदीवर, ठरलेला भाग याजकाला, उरलेलं अर्पण करणाऱ्यानं जेवायचं. पापबलीत तसं नाही. पापी माणसानं जनावराच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि सुरीही त्यानंच चालवायची. याजक रक्त वेदीच्या शिंगांना लावणार, बाकीचं पायथ्याशी ओतणार. मांसाचा तुकडाही पाप्याच्या वाट्याला नाही. आपल्या पापाची मेजवानी आपणच खायची, ही सोय तिथं नव्हती.

"मग येशूनं सगळं फेडलं म्हणता, अन् मी पोती कशाला देऊ?"

हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं, आणि आम्ही पाळकच त्याला जबाबदार आहोत. रागावलेला बाप, मधे पडून मार खाणारा मुलगा, असं चित्र आम्ही व्यासपीठावरून रंगवतो. शिवाय मराठीत 'प्रायश्चित्त' माणूस घेतो. ज्यानं केलं त्यानं भोगायचं. प्रेषित पौल रोमकरांस पत्रात, ३:२५ मध्ये नेमकं उलट लिहितो: तिथं पुढाकार देवाचा आहे. तिथला ग्रीक शब्द जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दयासनासाठी येतो. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं, देवाच्या आज्ञा ठेवलेल्या पवित्र पेटीवरचं सोन्याचं झाकण, अडीच हात लांब, दीड हात रुंद. वर्षातून एकदा, सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, मुख्य याजक तिथं रक्त शिंपडायचा. आधी स्वतःच्या पापासाठी गोऱ्ह्याचं, मग लोकांसाठी बकऱ्याचं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. नव्या करारातलं इब्री लोकांस पत्र याच फेऱ्यावर बोट ठेवतं: काम झालं असतं तर यज्ञ थांबले नसते का? ख्रिस्ताचं अर्पण एकदाच, म्हणून त्यात आपला बोकड जोडायला जागाच नाही.

पण देवाचं देणं वेगळं, चुलतीचं वेगळं. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयानं चौपट परत करतो म्हटलं ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. आधी पैसे मोजून त्यानं येशूला घरी आणलं नव्हतं. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानात, अध्याय ५ मध्ये तर अर्पण वेदीपुढं तसंच ठेवून आधी भावाकडं जायला सांगितलंय.

हिशेब सोपा होता. पाच पोती, वर पाचवा हिस्सा एक पोतं, एकूण सहा. त्यांच्या घरी जाऊन वजनकाट्यावर एकेक पोतं चढवलं. चौथं ५७ किलो भरलं. उंदरानं खालून कुरतडलं होतं. काही न बोलता ते आत गेले, आपल्या कणगीतून घमेलं भरून आणलं, काटा ६०वर येईस्तोवर ओतत राहिले.

फोन त्यांनीच लावला. स्पीकरवर होता. सगळं सांगून झालं, शपथेचंही. पलीकडं बराच वेळ काहीच आवाज नाही. मग चुलती म्हणाली, "लेकराची शपथ नको घ्यायला होती रे बापू." आणि थोड्या वेळानं, "आज मोंढ्यात भाव काय निघाला?"