बेण्याचा बटाटा

दिवाळीत आठवडाभर गावी राहून नेरूळला परतलो, तर ओट्याखालच्या टोपलीत तीन बटाट्यांनी कोंब काढले होते. अंग सुरकुतलेलं, पण प्रत्येक डोळ्यातून नखाएवढा, जांभळट, बारीक लव असलेला कोंब. मी सोलाणं बाजूला ठेवलं.

"जूनचं विसरलास वाटतं," आई म्हणाली.

विसरलो नव्हतो. आईचं माहेर आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावरचं. तिथे पावसाळी बटाटा करतात, म्हणून जूनमध्ये मीही खिडकीच्या ग्रिलमध्ये लावला होता. पाला असा माजला की पलीकडची इमारत दिसेना. गोणी उपडी केली तेव्हा खाली मिळाल्या चार गोट्या. खेळायच्या असतात तेवढ्याच. आईने निदान केलं, "पठारावर पावसाळ्यात रात्री गोधडी लागते. तुझा पंखा पाचवर." पुस्तकंही तेच सांगतात, फक्त गोधडीऐवजी आकडा देतात: रात्रीचं तापमान 20 अंशांच्या खाली असलं की बटाटा चांगला पोसतो.

यंदा थंडी समोर होती. प्रत्येक फोडीला दोन डोळे येतील असे बटाटे कापले. कापलेल्या बाजूला राख लावायची असते. चूल नाही, म्हणून देवापुढच्या उदबत्त्यांची जमवली. दोन दिवस फोडी सुकवून 25 किलोच्या तांदळाच्या गोणीत पुरल्या. गोणीचा काठ आधी खाली दुमडलेला. रोप वर येईल तशी माती चढवत काठ उलगडत न्यायचा. बटाटा म्हणजे मूळ नव्हे, जमिनीखाली फुगलेलं खोड. तो उघडा पडला, ऊन लागलं की हिरवा होतो आणि मग खाण्यात विष. अशी माती चढवण्याला आई 'भर देणं' म्हणते. भर देताना ओघळलेलं मातकट पाणी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या चादरीवर पडलं, तो प्रसंग सोडून देऊ.

गंमत नावाची वाटते. बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, नाव पोर्तुगिजांकडून आलेलं, आणि तेही मुळात रताळ्याचं! उत्तरेत 'आलू' म्हणतात, आपण मात्र फिरंगी नाव धरून बसलो. एवढं करून एकादशीला चालतो. कांद्याला हे जमलं नाही.

फेब्रुवारीत पाला पिवळा पडून लोळला. आठवडाभर पाणी तोडलं आणि जमिनीवर पेपर पसरून गोणी ओतली. मातीत हात घालून चाचपडताना बोटांना गार, गोल काहीतरी लागतं, तेव्हा वय विसरायला होतं. जुन्या फोडींची नुसती साल उरली होती. दाबली तर आंबूस पाणी आलं. नवे भरले साडेसातशे ग्रॅम. माती आणि शेणखताचा खर्च धरला तर वाशीच्या मार्केटमधून अर्धी गोणी आली असती. बायकोने तो हिशेब मोठ्याने केला.

साल इतकी कोवळी की अंगठ्याने घासली तरी निघत होती. जिरं-मिरचीची फोडणी देऊन केले. त्याआधी आईने त्यातला सगळ्यात देखणा बटाटा उचलून टोपलीत ठेवला होता.

"हा बेण्याला."

"अगं, नवा बटाटा दोन-अडीच महिने झोपतो. म्हणजे कोंब येणार ऐन उन्हाळ्यात!"

"मग तेव्हा भाजी करू," आई म्हणाली.