स्वमग्न लेकराची शुगर आणि वॉर्डातले ते तीन दिवस

अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो, म्हणून लिहून काढतेय. माझा लेक सात वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला), मोजकेच शब्द बोलणारा. मे महिन्यात त्याला टाइप १ मधुमेह निघाला. सारखं पाणी मागणं आम्ही सोलापूरच्या उन्हावर ढकललं होतं. उलट्या आणि धाप सुरू झाली तेव्हा इथल्याच एका दवाखान्यात पळवलं. आयसीयूतून तो निभावला, डॉक्टरांबद्दल माझी तक्रार नाही.

अडलं ते वॉर्डात. दर थोड्या तासांनी शुगर बघायची. एक सिस्टर हात धरायची, वॉर्डबॉय मामा पाय दाबून धरायचे, दुसरी टोचायची. तो किंचाळायचा की शेजारच्या खाटेवरचं बाळ दचकून उठायचं. मी विनवत होते, त्याला आधी दाखवा, अचानक हात लावलेला त्याला सोसत नाही. उत्तर यायचं, "ताई, प्रत्येकाचं असं करत बसलो तर वॉर्ड कसा चालायचा?" तिसऱ्या दिवशी पांढरे कपडे दिसले की तो खाटेखाली. फाइलवर शेरा, 'पेशंट सहकार्य करत नाही'. सात वर्षांच्या पोराबद्दल! तो वाचून पुढच्या पाळीची सिस्टर आधीच कपाळाला आठ्या घालून यायची. मला इन्सुलिन देता आल्याशिवाय घरी सोडणार नव्हते आणि शिकवणं म्हणजे हातात एक छापील कागद.

त्या रात्रीच्या पाळीच्या सिस्टर मात्र सरळ फरशीवर बसल्या. "ह्याला काय आवडतं?" आकडे, मी म्हटलं. त्यांनी मीटरचा आवाज बंद केला, नवी सुई घेऊन स्वतःच्या बोटाला टोचली, थेंब पट्टीला लावला. आमच्या मीटरवर पाच, चार, तीन असे उलटे आकडे येतात. लेक कोपरांवर सरकत बाहेर आला. मग नव्या सुईनं माझं बोट. मग त्यानं स्वतःचं पुढे केलं. कोमट पाण्यानं हात धुवून बोटाच्या कडेला टोचलं, मधोमध जास्त दुखतं. "एक... झालं," तो म्हणाला. चाळीस मिनिटं लागली. वॉर्ड चालूच होता.

घरी तोच क्रम चित्रं काढून फ्रिजवर लावलाय: धुणं, पुसणं, टोचणं, आकडे, झालं. क्रम मोडू नका. इन्सुलिन पोटात की मांडीत, ते तोच दाखवतो, फक्त जागा रोज बदलायची.

त्याला शुगर लो झालेली सांगता येत नाही. त्याचं गुणगुणणं थांबलं की मी आधी मीटर काढते. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. पाणी निळ्याच पेल्यात, दुसऱ्यातून पीत नाही. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. इन्सुलिनचा डोस घेऊन तो जेवलाच नाही तर काय, ही माझी धास्ती होती. डॉक्टरांनी आमच्यासाठी जेवण झाल्या झाल्या डोस ठरवून दिला. तुम्हीही विचारा, मनानं करू नका.

हो, उन्हाळ्यात बाहेर जाताना इन्सुलिनचं पेन ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवते. बर्फाला लागू देत नाही, गोठलं की वाया. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवा. केंद्र सरकारच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो.

सुट्टी मिळाली त्या दिवशी अर्धा तास भांडून तो शेरा खोडायला लावला. आता फाइलच्या पहिल्या पानावर माझ्या अक्षरातला कागद असतो: 'आधी दाखवा. आवाज बंद करा. पाचपासून उलटे मोजा. हात तो स्वतः पुढे करतो.'