बोलनोंदींची तिसरी वही : ‘जाला’, ‘केलं’ आणि एकोणशंभर

मुलांचे बोलणे जसेच्या तसे टिपून ठेवण्याच्या आमच्या उद्योगाची दुसरी वही गेल्या आठवड्यात भरली. पहिली नोंद केली तेव्हा थोरली सव्वादोन वर्षांची होती; आता ती ५;७ आहे आणि धाकटा २;९. वय असे वर्ष, अर्धविराम, महिना या क्रमाने लिहिण्याची पद्धत बालभाषेच्या अभ्यासकांची आहे. ज्यांनी नुकतीच वही घातली असेल त्यांनी ती पहिल्या दिवसापासून पाळावी, कारण ‘लहान असताना म्हणाली होती’ या नोंदीचा सहा महिन्यांनी काडीचाही उपयोग होत नाही.

वही फ्रिजच्या दांडीला सुतळीने बांधलेली असते आणि पेन त्याच सुतळीच्या दुसऱ्या टोकाला असते. आधी ती माझ्या टेबलावर होती, पण मुले टेबलापाशी बोलत नाहीत. ती ओट्याखाली, जिन्यात आणि न्हाणीघरात बोलतात. फोनवर ध्वनिमुद्रण करण्याचा प्रयत्न जवळजवळ फसलाच, कारण फोन समोर आला की बोलणे थांबते आणि ‘मला दाखव’ सुरू होते. तरीही जी थोडी मुद्रणे हाती लागली त्यांनी मला एक अप्रिय गोष्ट दाखवून दिली. मुद्रण आणि त्याच संध्याकाळची माझी नोंद शेजारी ठेवली, तेव्हा मी थोरलीचे वाक्य नकळत जास्त खुसखुशीत करून लिहिले असल्याचे आढळले. तेव्हापासून दहा मिनिटांच्या आत लिहिले नाही तर ती नोंद बाद, असा नियम आम्ही केला आहे. या नियमापायी पाहुण्यांना सांगण्याजोगे कितीतरी विनोद आम्ही गमावले.

आता मुख्य प्रगतीकडे वळतो. २;३ ला थोरली ‘बाबा गेला’ असे बिनचूक म्हणत होती. ३;१ ला ती ‘बाबा जाला’ म्हणू लागली, आणि त्याच पंधरवड्यात ‘मी चित्र करलं’, ‘आजीने लाडू देला’ हेही आले. मला वाटले की मूल मागे चालले आहे. प्रत्यक्षात ‘गेला’ हा तिने पाठ केलेला सुटा शब्द होता, आणि ‘जाला’ ही तिने स्वतः बांधलेली पहिली वस्तू होती. बसणे-बसला, पळणे-पळाला, रडणे-रडला हे पाहून तिने नियम काढला आणि तो आमच्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे सगळीकडे लावला. गेला, केला, दिला ही भाषेनेच जपलेली अपवादांची लाडकी मंडळी आहेत, त्यात तिचा काय दोष? ३;९ च्या सुमारास ‘गेला’ परत आला, पण मधले आठ महिने आम्ही ‘जाला’ ऐकत होतो.

या आठ महिन्यांतला एक प्रसंग वहीत दोन्ही बाजूंनी अधोरेखित केलेला आहे. सकाळी मी कामावर निघाल्यावर जिन्यात भेटलेल्या शेजारच्या काकूंना थोरलीने बातमी दिली, “बाबा जाला.” काकूंनी स्वाभाविकपणे ‘झाला’ ऐकले आणि विचारले, “अगंबाई, कोण बाबा झाला?” थोरली म्हणाली, “माझा बाबा!” धाकटा तेव्हा जेमतेम तीन महिन्यांचा होता. काकूंनी दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे अशा काही नजरेने पाहिले की तिने पुढचा आठवडा जिन्याऐवजी लिफ्ट वापरली. ज आणि झ यांतला फरक केवळ एका श्वासाचा आहे, म्हणून अशा जागी शब्द नुसता न लिहिता ‘ज, हकार नाही’ असे समासात लिहून ठेवावे.

वहीतली माझी सर्वांत मोठी चूक ३;८ ची आहे. उन्हाळ्यात थोरली पंधरा दिवस कोल्हापूरला आजीकडे राहून पुण्याला परतली आणि ‘मी जेवलो’, ‘मी आता झोपतो’ असे बोलू लागली. मी लाल शाईने ‘लिंगाची चूक, नवीन’ अशी नोंद केली आणि आईला फोनवर कौतुकाने सांगितले. आई म्हणाली, “चूक कशाची आलीय त्यात? मी काय आजपासून असं बोलतोय व्हय?” कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असेच बोलतात, माझी आई, आत्या, बहीण सगळ्या तसेच बोलतात, आणि त्यांच्यात अठरा वर्षे वाढूनही मला वही हातात घेतल्यावर ती चूक वाटली. लाल शाई मी खोडलेली नाही, शेजारी तारीख घालून दुरुस्ती लिहिली आहे. पुढच्या महिनाभरात जे दिसले ते त्याहून सरस होते. थोरली फोनवर आजीला ‘मी जेवलो’ सांगायची आणि फोन खाली ठेवून आईला ‘मी जेवले’ सांगायची. दोन घरांची दोन व्याकरणे तिने दोन चपलांसारखी दारात काढून ठेवली होती.

फुटणे आणि फोडणे यांच्या नोंदींना मी एक स्वतंत्र पान दिले आहे. ४;० ला थोरलीच्या हातून कप पडला तेव्हा वाक्य होते, “कप फुटला.” त्याच दुपारी धाकट्याने फुग्यावर बसण्याचा पराक्रम केला तेव्हाचे वाक्य होते, “ह्याने फुगा फोडला!” पुढे तीन आठवडे मी मुद्दाम लक्ष ठेवले. तुटला-तोडला, फाटला-फाडला या सगळ्या जोड्यांत तिचा स्वतःचा गुन्हा कायम अकर्मक निघाला आणि धाकट्याचा कायम सकर्मक. सांडणे या क्रियापदाने मात्र तिची पंचाईत केली, कारण दूध आपोआप सांडले काय किंवा कुणी सांडले काय, क्रियापद तेच राहते. तिथे तिने वाट काढली ती अशी: “दूध आपलं आपलं सांडलं.”

‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची गंमत मराठी घरांत वही ठेवणाऱ्यांना फुकट मिळते, ती सोडू नये. सुरुवातीला थोरली सर्वांना एकाच ‘आपण’मध्ये घ्यायची. “आजी, काल आपण आइस्क्रीम खाल्लं,” असे तिने फोनवर सांगितले तेव्हा दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या आजीने “मला कुठं मिळालं?” अशी रास्त तक्रार केली. ४;५ ला ‘आम्ही’ पक्के झाले आणि त्याचा पहिला उपयोग धाकट्यावर झाला: “आम्ही बागेत जाणार आहोत.” धाकटा काय समजायचे ते समजला आणि दारात आडवा पडून रडला.

धाकट्याची वही वेगळी आहे आणि तिचा नायक ळ आहे. त्याला ळ येत नव्हता, त्याच्या जागी ल यायचा. त्यामुळे २;१ ला एका सकाळी सातच्या सुमारास तो माझ्यासमोर उभा राहून गंभीरपणे म्हणाला, “बाबा, केलं.” त्या महिन्यात लंगोट सोडवण्याची मोहीम चालू होती, म्हणून मी त्याला काखोटीला मारून धावत न्हाणीघरात नेले. तो रडत, हातपाय झाडत “केलं, केलं” ओरडत होता, आणि मी “हो रे राजा, शहाणा माझा” असे म्हणत चड्डी तपासत होतो. चड्डी कोरडी होती. थोरली दात घासता घासता दारात आली आणि म्हणाली, “अरे बाबा, शी असती तर केली म्हणाला असता. तो केलं म्हणतोय. त्याला केळं हवंय.” शी स्त्रीलिंगी आहे आणि केळे नपुंसकलिंगी, म्हणून दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असू शकत नव्हते. दोन वर्षे एका महिन्याच्या मुलाला तो भेद खरोखर साधत होता की ताईचा नेम चुकून लागला, हे एका नोंदीवरून ठरवणे योग्य नाही. पण केळे मिळताच तो गप्प झाला, एवढे लिहिले आहे.

या छंदात आपण एकटे नाही याचा मला कधी कधी फार आधार वाटतो. चार्ल्स डार्विनने १८३९ मध्ये जन्मलेल्या आपल्या पहिल्या मुलाच्या नोंदी ठेवल्या आणि त्या तब्बल १८७७ मध्ये छापल्या. त्या मुलाने वर्षाचा झाल्यावर खाण्यासाठी ‘मम’ हा शब्द काढला, साखरेला तो ‘शु-मम’ म्हणे आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या वडीला ‘काळे शु-मम’. ‘मंमं’ म्हणत वाटी पुढे करणारे मूल ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. जर्मनीतल्या क्लारा आणि विल्यम श्टेर्न या दांपत्याने १९०० पासून आपल्या तिन्ही मुलांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांतले बहुतांश लेखन क्लाराने केले. हे मी आमच्या घरी वाचून दाखवले, तेव्हा आमच्या वहीतही अर्ध्याहून अधिक अक्षर कोणाचे आहे याची मला आठवण करून देण्यात आली.

१९५८ मध्ये जीन बर्को यांनी अमेरिकेत मुलांना काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे अनेकवचन विचारले होते. तोच प्रयोग मी थोरलीवर ५;० ला केला. एका चित्राला ‘फोंगा’ म्हटले आणि दुसऱ्याला ‘भिंगडं’. “हा एक फोंगा, आता हे दोन काय?” असे विचारल्यावर ती म्हणाली, “तो चावतो का?” भिंगडे दाखवल्यावर म्हणाली, “आणि ते चावतं का?” अनेकवचन मला शेवटपर्यंत मिळाले नाही, परंतु कधीही न ऐकलेल्या शब्दांना तिने ‘तो’ आणि ‘ते’ नेमके लावले, त्यामुळे प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही.

५;२ ला अंक आले. लपाछपीत तिच्यावर राज्य होते आणि ती भिंतीला तोंड करून शंभरपर्यंत मोजत होती: “सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकोणशंभर, शंभर!” एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठ वेळा नियम पाळणारी भाषा नवव्या वेळी ‘नव्व्याण्णव’ म्हणते, हा भाषेचाच विश्वासघात आहे. तिने पाठोपाठ विचारले, “मग नऊला एकोणदहा का नाही म्हणत?” २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आले, तेव्हा जो गदारोळ झाला त्यात मी तावातावाने ‘सत्तावीस’च्या बाजूने होतो. आताही तिकडेच आहे, पण आवाज खाली आला आहे. तेव्हा बोलताना त्रेसष्ट आणि छत्तीस यांत कुठला अंक आधी येतो याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

एक अडचण मात्र वाढत चालली आहे. थोरलीला वहीचा सुगावा लागला असून, काहीतरी विक्षिप्त बोलून झाले की ती पेनाकडे पाहते आणि मी लिहिले नाही तर “बाबा, हे लिही ना” म्हणते. मागणीवरून आलेल्या अशा वाक्यांवर आम्ही आता फुली मारतो. गेल्या महिन्यात तिच्या पानावर फुल्याच जास्त आहेत. बहुधा तिची वही जूनपर्यंत बंद करावी लागेल.

धाकट्याला अजून सुगावा लागलेला नाही. परवा, २;९ ला, त्याने प्रथमच स्वच्छ ळ म्हटला. केळ्याचा ळ, बाळाचा ळ, खेळाचा ळ असे दिवसभर चालले होते, आणि जिभेला सापडलेली ही नवी जागा त्याला इतकी आवडली की ल दिसेल तिथे तो ळ बसवू लागला. काल रात्री न्हाणीघरातून त्याने विजयी आरोळी ठोकली: “आई, शी केळी!”

नोंद दहा मिनिटांच्या आत झाली आहे.