दहाच्या डोक्यावरचा आकडा

गुरुवार, रात्र

अकरावीच्या चाचणीचे पेपर आज हातावेगळे झाले. पाण्याच्या एका रेणूचं वस्तुमान काढा, असा साधा प्रश्न होता. १८ ग्रॅमला अ‍ॅव्होगॅड्रो अंकाने, म्हणजे तेवढ्या पाण्यात जितके रेणू असतात त्या ६.०२२ × १०^२३ ने भागायचं; उत्तर २.९९ × १०^-२३ ग्रॅम. बऱ्याच मुलांनी २.९९ अगदी निगुतीने काढलंय, कच्चं काम कडेला, दुसऱ्या दशांशापर्यंत बरोबर. आणि घातांकाचं, म्हणजे दहाच्या डोक्यावरच्या आकड्याचं, उणे चिन्ह गाळलंय.

मी या उत्तराचे पूर्ण मार्क कापते, आणि कारणही पेपरावर लिहिते. उणे गेलं की तो रेणू ३ × १०^२० किलोचा होतो. मंगळ आणि गुरूच्या मधे फिरणारा सेरेस हा बटुग्रह आहे ना, त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश! २.९९ च्या जागी कुणी ३.५ लिहिलं असतं, तरी तो निदान रेणूच राहिला असता. म्हणून वर्गात मी आधी घातांक विचारते, पुढचा आकडा मागाहून. मुलांना हे उलटं वाटतं. साहजिक आहे, पहिलीपासून संख्या डावीकडूनच वाचत आलीत ती.

उद्या ड्रॉपर घेऊन जाणार आहे. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर, म्हणजे ०.०५ ग्रॅम. त्यात रेणू १.६७ × १०^२१. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शत करत दर पायरीला दहापट अशी परार्धापर्यंत नावं दिली आहेत, आणि परार्ध म्हणजे १०^१७. आपल्या परंपरेतली ती केवढी मोठी झेप! तरी ड्रॉपरच्या एका थेंबाला तेवढंही पुरत नाही. घातांकाला मात्र नाव शोधायची गरजच पडत नाही.

आता जगातली सगळी माणसं, धरू ८ × १०^९, न झोपता सेकंदाला एक रेणू मोजायला बसली तर? २१ मधून ९ गेले, राहिले १२. पण १.६७ ला ८ ने भागलं की ०.२१ येतात, दशांशचिन्ह एक घर सरकवून त्याचे २.१ केले की १२ चे ११ होतात. नेमकी इथे मुलं घसरतात, तेव्हा फळ्यावर ही पायरी सावकाश करायची. आले २.१ × १०^११ सेकंद. वर्षाचे सेकंद ३.१६ × १०^७. भागा: सुमारे ६,६०० वर्षं. सगळं जग मोजतंय, एक थेंब, आणि सहा हजार सहाशे वर्षं. हे मी कितीही वेळा केलं तरी मला भरून येतं.

सार्थ अंकही, म्हणजे मोजमापातले खात्रीचे अंक, उरकायला हवेत. १५०० ग्रॅम म्हटलं की वजन कितपत बारकाईने घेतलंय ते कळत नाही. १.५ × १०^३ म्हटलं की शंभराच्या घरापर्यंतच खात्री आहे, १.५०० × १०^३ म्हटलं की शेवटच्या ग्रॅमपर्यंत. एवढं पुरे, बाकी सरावाने येईल.

उणे घातांकासाठी माझ्या मनात खोडद आहे. नारायणगावजवळच्या तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. आकाशातून येणारी रेडिओ ऊर्जा तिथे जान्स्कीत मोजतात. आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओलहरी ज्याने पहिल्यांदा टिपल्या, त्या कार्ल जान्स्कीचं नाव या एककाला दिलंय. एक जान्स्की म्हणजे दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला १०^-२६ वॅट. आणि त्याच्याही हजाराव्या भागाहून क्षीण स्रोत तिथे टिपले जातात. दशांशचिन्हानंतर शून्यं मांडत बसलं तर कुणाला काही उमगणार नाही. घातांक -२९ म्हटलं की निदान कुठे उभे आहोत ते कळतं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे प्रदर्शन भरतं. यंदा पोरांना न्यायचंच. एसटीची चौकशी आणि पालकांची पत्रं सोमवारपासून सुरू करते.