तेरा हजारांची सेनापती : आन्यांगची फू हाओ

चीनमधल्या लढवय्या बाईचं नाव विचारलं तर आपल्याकडची शाळकरी पोरंसुद्धा पटकन ‘मुलान’ म्हणतात. म्हाताऱ्या वडिलांच्या जागी पुरुषवेशात लढाईवर गेलेल्या या मुलीची गोष्ट एका जुन्या लोकगीतातून आली आहे. ती खरोखर होऊन गेली असा पुरावा नाही. मी राहते त्या हनान प्रांतात तिच्या नावाचं देऊळ आहे, लोक तिला मानतात आणि मानावंच. पण याच प्रांताच्या उत्तर टोकाला, आन्यांग शहरात, एका खऱ्याखुऱ्या स्त्री सेनापतीची कबर आहे. मुलानच्या गाण्याच्याही दीड हजारांहून जास्त वर्षं आधीची. तिला पुरुषाचा वेश घ्यावा लागला नव्हता. स्वतःच्या नावानं ती सैन्य घेऊन निघत होती आणि राजाचे लेखनिक ते लिहून ठेवत होते. तिचं नाव फू हाओ. इकडे आल्यापासून मी जे काही पाहिलं, वाचलं, त्यात या बाईइतकं माझ्या मनात कुणीच घर केलेलं नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

काळ इ. स. पू. १२००च्या सुमाराचा, राज्य शांग घराण्याचं आणि राजा वू दिंग. त्याला राण्या पुष्कळ होत्या, साठांच्या वर असं सांगतात. फू हाओ त्यांतली एक, आणि मृत्यूनंतर जिची राजघराण्याच्या पूर्वजांमध्ये रीतसर पूजा झाली अशा मोजक्या पट्टराण्यांपैकी.

तिच्याबद्दल आपल्याला कळतं ते हाडांवरून. कोकणात देवाला कौल लावतात ना, तसा शांग राजे आपल्या पूर्वजांना कौल लावत. बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच घ्यायचं, मागच्या बाजूनं त्यात छोटे खळगे कोरायचे, खळग्याला तापलेली वस्तू लावायची. पुढच्या बाजूला तडे जात. त्या तड्यांवरून राजा स्वतः उत्तर वाचायचा. मग काय विचारलं, राजानं काय वाचलं, आणि कधीकधी पुढे प्रत्यक्षात काय घडलं, तेही त्याच हाडावर कोरून ठेवत. शेतकऱ्यांना शेतात सापडणारी ही हाडं पुढे औषधाच्या दुकानांत ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून कुटून विकली जात होती. १८९९मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की त्यांवर लिपी आहे. त्याआधी किती हाडांची पूड लोकांच्या पोटात गेली असेल, याचा विचार केला तरी पोटात खड्डा पडतो.

या हाडांवर फू हाओचा उल्लेख दोनशेहून अधिक वेळा येतो. एका लेखात विचारलं आहे की फू हाओचे ३,००० आणि आणखी १०,००० सैनिक उभे करून पश्चिमेकडच्या च्यांग लोकांवर चाल करावी का. म्हणजे १३,००० माणसं. एका मोहिमेसाठीचा इतका मोठा आकडा त्या काळच्या लेखांत दुसरा नाही. तू, बा, यी या शेजारच्या टोळ्यांवरच्या मोहिमांतही तिचं नाव आहे. बा लोकांविरुद्धच्या लढाईबद्दलचा लेख तर मी पुन्हा पुन्हा वाचते: राजानं पूर्वेकडून हल्ला करायचा आणि शत्रू पळून जाईल त्या वाटेवर फू हाओनं दबा धरून बसायचं. जाळं लावण्याचं अवघड काम तिच्याकडे. संयम, शिस्त, नेमकी वेळ साधणं, सगळं तिच्या भरवशावर. राजाचा आपल्या बायकोवरचा हा विश्वास मला कुठल्याही प्रेमकवितेपेक्षा मोठा वाटतो.

आणि त्याच हाडांवर ती आजारीही असते. तिचा दात दुखतो, राजा कौल लावतो. ती गरोदर राहते, राजा कौल लावतो. एक लेख चीनमध्ये फार प्रसिद्ध आहे. फू हाओचं बाळंतपण शुभ होईल का, असा प्रश्न. राजा तडे वाचून सांगतो की अमुक वारी झालं तर शुभ, तमुक वारी झालं तर फारच शुभ. खाली नोंद आहे: एकतिसाव्या दिवशी बाळंत झाली. शुभ नाही. मुलगी झाली.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सुन्न झाले होते. जिच्या हाताखाली हजारो सैनिक, तिनं मुलीला जन्म दिला तर ते अशुभ! आपल्या घरांत हे वाक्य आजही निराळ्या शब्दांत ऐकू येतं, म्हणून ते जास्त लागलं. फू हाओला त्या दिवशी काय वाटलं, ते कुठल्याच हाडावर नाही.

ती राजाच्या आधी गेली. तिच्या मृत्यूनंतरही वू दिंगचे कौल थांबले नाहीत. आता ती पूर्वजांत जाऊन बसली होती, तेव्हा तिलाच साकडं घालायला सुरुवात झाली. देवघरातलं तिचं नाव ‘मू शिन’, म्हणजे शिन माता.

नंतर ती विस्मरणात गेली. सिमा च्यान या थोर इतिहासकारानं इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमाराला चीनचा इतिहास लिहिला, त्यात वू दिंग आहे, त्याचे मंत्री आहेत, फू हाओ नाही. पुढच्या ग्रंथांतही नाही. दंतकथांतसुद्धा नाही! ज्या देशानं मुलानची गाणी गायली, त्या देशाला फू हाओचं नावही ठाऊक नव्हतं. मला याचं कारण सरळ दिसतं. पुढच्या पिढ्यांनी ज्या चौकटीत बाईला पाहिलं, तीत युद्धावर जाणारी मुलगी बसत होती, कारण ती वडिलांसाठी जाते, वेश बदलून जाते आणि घरी परत येऊन पुन्हा मुलीचे कपडे घालते. स्वतःच्या हक्कानं सैन्य बाळगणारी राणी त्या चौकटीत कुठे ठेवायची, हे त्यांना उमगलंच नसणार.

तिला परत आणलं एका बाईनंच. पुरातत्त्वज्ञ झंग झनश्यांग. १९७५-७६च्या सुमाराला आन्यांगजवळच्या श्याओतुन गावात शेतीसाठी जमीन सपाट करायची मोहीम चालू होती. एक उंचवटा जाणार होता, त्याआधी तिथे तपासणी करायचं ठरलं. इथले पुरातत्त्वज्ञ जमिनीत खोल खुपसून माती बाहेर काढणारं एक लांब दांड्याचं फावडं वापरतात, त्याला ‘ल्वोयांग फावडं’ म्हणतात. खाली चोपून बसवलेली माती लागत राहिली. ही एखाद्या जुन्या इमारतीच्या पायाची माती असेल, असं म्हणून काम सोडून देता आलं असतं. झंगबाईंनी सोडलं नाही. शेवटी फावड्याबरोबर लाल लाखेचे तुकडे आणि जेड या मौल्यवान दगडाचा एक लोलक वर आला. खाली कबर होती आणि तिला कुणाचा हात लागलेला नव्हता.

आन्यांगच्या राजेरजवाड्यांच्या मोठमोठ्या कबरी चोरांनी केव्हाच पोखरल्या आहेत. नदीपलीकडच्या राजस्मशानाऐवजी हिला राजवाड्याच्या आवारात पुरलं आणि वर पूजेसाठी इमारत बांधली, म्हणून ही वाचली. खड्डा फार मोठा नाही, ५.६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ७.५ मीटर खोल. तळाला पाणी भरलेलं, त्यामुळे चिखलात हात घालून एकेक वस्तू काढावी लागली. तिचा देह आणि शवपेटी कुजून गेली होती. वस्तू मात्र निघाल्या १,९२८. काशाच्या ४६८, जेडच्या ७५५, हाडाच्या ५६४, शिवाय ६,८००च्या वर कवड्या, ज्या ऊबदार समुद्रकिनाऱ्यांवरून हातोहात इतक्या आत आलेल्या. हाडाच्या केसांच्या काट्यांचा ढीग, काशाचे चार आरसे, हस्तिदंती पेले, त्यांवर निळे खडे जडवलेले. आणि शंभरावर शस्त्रं. कितीतरी काशाच्या भांड्यांवर कोरलेलं नाव एकच: फू हाओ. हाडांवरच्या लेखांतली व्यक्ती आणि कबरीतली व्यक्ती एकच आहे असं शांग काळाबाबत पहिल्यांदाच छातीठोकपणे म्हणता आलं.

शस्त्रांत दोन मोठे परशू आहेत, त्यांवरही तिचं नाव. एकावर समोरासमोर दोन वाघ आणि त्यांच्या जबड्यांमध्ये माणसाचं डोकं. वजन ९ किलो. हा परशू लढण्यापेक्षा अधिकार दाखवण्यासाठी होता. ज्याच्या हाती परशू, त्याला शिक्षा देण्याचा आणि सैन्य हलवण्याचा अधिकार.

आता जे लिहिणार आहे ते टाळून पुढे जाता आलं असतं, पण मग हे लिखाण खोटं झालं असतं. त्या कबरीत १६ माणसं आणि ६ कुत्रीही होती. राणीच्या सोबतीला मारलेली. आणि ज्या च्यांग लोकांवर ती १३,००० सैन्य घेऊन जाणार होती, त्यांच्यातले पकडून आणलेले कैदी शांग राजे पूर्वजांपुढे बळी देत, तेही हाडांवरच लिहिलेलं आहे. फू हाओ स्वतः अशा विधींमध्ये पुढे असायची. तिच्या विजयाचं दुसरं टोक कुणाच्या तरी मानेशी पोचत होतं. मला ती आवडते, तिचा अभिमानही वाटतो, पण तिला आजच्या स्त्रीमुक्तीच्या भिंतीवर चिकटवायचं चित्र करून टाकणं मला पटत नाही. त्या सोळा जणांची नावं कुणी कोरली नाहीत. तिच्याबद्दल बोलताना त्यांना वगळलं तर आपण पुन्हा तेच करतो, जे तिच्या बाबतीत झालं.

झंगबाई २०२४मध्ये गेल्या, पंचाण्णवाव्या वर्षी. उभं आयुष्य त्यांनी आन्यांगच्या मातीत काढलं. ती कबर दुसऱ्या कुणाला सापडली असती तरी वस्तू त्याच निघाल्या असत्या, हे खरं. तरीही राणीपर्यंत पोचणारा हात एका बाईचा होता, याचं मला मनापासून बरं वाटतं.

कुणी इकडे येणार असेल तर थोडं उपयोगाचं सांगते. आन्यांग हनानची राजधानी झेंगझोऊहून वेगवान रेल्वेनं तासाभराच्या आत येतं, बेइजिंगहून दोन-अडीच तासांत. शांग राजधानीच्या अवशेषांना ‘यिनशू’ म्हणतात, २००६पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. फू हाओची कबर तिथल्या राजवाड्याच्या आवारातच आहे, बाहेर परशू घेतलेला तिचा पांढरा पुतळा. कबरीत मांडलेल्या वस्तू प्रतिकृती आहेत. अस्सल वस्तूंसाठी बेइजिंगचं राष्ट्रीय संग्रहालय गाठायचं. तिच्या कबरीत घुबडाच्या आकाराची काशाची दोन मद्यपात्रं सापडली, छाती काढून उभी, नखशिखान्त नक्षीची. त्या जोडीतलं एक तिथे आहे. दुसरं आमच्या झेंगझोऊच्या हनान संग्रहालयात, तिथल्या मानाच्या नऊ वस्तूंपैकी एक. आन्यांगचं नवं यिनशू संग्रहालय २०२४च्या फेब्रुवारीत उघडलं, त्यात कौलाची हाडं भरपूर आहेत, त्यासाठी निदान अर्धा दिवस ठेवा. संग्रहालयांचं आरक्षण आधी मोबाइलवरून ऑनलाइन करावं लागतं, पासपोर्टचा क्रमांक लागतो, सुट्टीच्या आठवड्यात जागा पटकन संपतात. शाळकरी मुलं बरोबर असतील तर त्यांना हाडं आधी दाखवा आणि परशू नंतर.