एक सीट विकायची नाही

आमचा मूळ धंदा इंजिन रिबोरिंगचा, म्हणजे झिजलेले सिलिंडर पुन्हा कोरून देण्याचा, आणि हेडकामाचा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी एका लेथवर तो सुरू केला आणि घर आजही त्यावरच चालतं. त्याच शेडच्या मागच्या अर्ध्या भागात आमची रेसिंग टीम राहते. फॉर्म्युला एलजीबी या शर्यतीच्या वर्गातल्या, एकाच माणसाच्या सीटच्या दोन रेसिंग गाड्या, मोजके मेकॅनिक, टायरची रॅक आणि एक जुना ट्रक, एवढाच संसार. टीमला आजवर नफा झालेला नाही. तरीही ती चालते कशी, हे गिऱ्हाईक विचारतं, स्पॉन्सर विचारतो आणि ड्रायव्हर होऊ पाहणाऱ्या मुलांचे आईवडील तर पहिल्यांदा हेच विचारतात. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

भारतातली सर्किट रेसिंग वाढली ती दक्षिणेत. आधी शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, मग इरुंगट्टुकोट्टईला मद्रासचा ट्रॅक झाला, नंतर कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे. हा कारी ट्रॅक ज्यांच्या नावाने आहे ते एस. करिवर्धन आम्हाला फार जवळचे वाटतात. मारुती ८०० चं इंजिन घेऊन त्यांनी फॉर्म्युला मारुती ही सिंगल सीटर इथेच, आपल्या देशात, बांधली. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झालेल्या नारायण कार्तिकेयनची पहिली पावलं त्याच फॉर्म्युला मारुतीत पडली. वर्कशॉपमधून रेसिंग कार तयार होऊ शकते, हे आमच्यासारख्या स्पॅनर चालवणाऱ्या माणसांना त्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडून जायचं तर रस्ता सोपा आहे. कोल्हापूरच्या कडेने जाणारा महामार्ग क्रमांक ४८ बंगळुरूवरून पुढे श्रीपेरुंबुदूरकडे जातो आणि मद्रासचा ट्रॅक त्याच रस्त्याला लागून आहे. ट्रक शेडमधून निघाला की वळायचं काम फारसं नसतं.

कोल्हापूर तसं वेगाला परकं नाही. इथे गो-कार्टिंग रुजलं, इथल्या पोरांनी राष्ट्रीय शर्यती गाजवल्या, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. आम्हाला हुरूप आला तो या वातावरणातून. आधी आम्ही दुसऱ्यांच्या कार्टची इंजिनं उघडून द्यायचो. मग एका हंगामात एक वापरलेली एलजीबी गाडी विकायला निघाली, ती घेतली. दुसरी नंतर आली, तीही वापरलेलीच.

एलजीबीमध्ये सगळ्यांना मारुती स्विफ्टचं एकच १३०० सीसी इंजिन आणि एकच टायर. त्यामुळे ताकद विकत घेता येत नाही. मग फरक पडतो कुठे? जोडकामात. चार चाकांखाली चार काटे ठेवून वजनाची वाटणी बघायची, दोऱ्या ताणून चाकांची दिशा, म्हणजे टो, लावायची, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, तपासायचा, ड्रायव्हर बदलला की सगळं पुन्हा करायचं. कारण साठ किलोचा मुलगा आणि पंचाहत्तर किलोचा मुलगा यांच्याखाली एकच गाडी दोन वेगळ्या गाड्या होतात. कोइम्बतूरला सकाळच्या सरावात लावलेला टायरचा दाब दुपारी तापलेल्या डांबरावर कामाचा राहत नाही. गार टायरमध्ये किती हवा भरली म्हणजे तीन लॅपनंतर ती हवी तिथे येईल, हे वहीत लिहून ठेवल्याशिवाय कळत नाही. कारीचा ट्रॅक २.१ किलोमीटरचा, लॅप मिनिट-सव्वा मिनिटाचा. एवढ्याशा लॅपमध्ये अर्ध्या सेकंदात पाच-सहा गाड्या बसलेल्या असतात. पहिल्या हंगामात आम्ही ग्रिडच्या, म्हणजे शर्यत सुटतानाच्या रांगेच्या, शेपटीला होतो आणि आमच्या पुढची गाडी एका सेकंदाच्याही आत होती. तो सेकंद दहा ठिकाणी सांडलेला असतो, आणि तो गोळा करायचा तर गाडी कुठे काय करते ते सांगणारा ड्रायव्हर लागतो.

इथेच ड्रायव्हर निवडीचा खरा प्रश्न येतो. लहान टीमची सीट विकली जाते, हे उघड सांगायला हवं. मुलाचे वडील हंगामाचा खर्च देतात, मुलगा चालवतो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढे फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या निकी लाउडाने सुरुवातीला बँकेचं कर्ज काढून मार्च टीमची सीट मिळवली होती. कार्तिकेयन २००५ मध्ये जॉर्डनमधून फॉर्म्युला वनला गेला तेव्हा त्याच्यामागे टाटांचं नाव होतं. पैसे आणणारा ड्रायव्हर वाईटच असतो हे खरं नाही, आणि आमच्याकडे अशी काही फार गुणी मुलं येऊन गेली.

पण दोन्ही सीट विकल्या की टीम आंधळी होते, हे आम्ही दुसऱ्या हंगामात अनुभवलं. दोन्ही मुलं मेहनती होती, वेगही होता. मात्र गाडी कशी चालते असं विचारलं की उत्तर एकच, "धरत नाही." कुठे धरत नाही? ब्रेक सोडताना, वळणाच्या पोटात, की गॅस देताना? ते सांगता येत नसेल तर मेकॅनिकने कुठला बोल्ट फिरवायचा? आम्ही अंदाजाने बदल करत राहिलो आणि वेळ तसाच राहिला. त्यात पालकांचं दडपण वेगळं. एका मुलाच्या वडिलांनी पिटमध्येच विचारलं, "मिस्त्री, पैसे आम्ही भरतोय, मग चांगली गाडी त्याला कशी?" दोन्ही गाड्या सारख्याच होत्या. काट्यावरचे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांना ते पटलं नाही, पुढच्या फेरीआधी त्यांनी मुलाला काढून नेलं आणि आमची एक गाडी उरलेला हंगाम ताडपत्रीखाली राहिली.

त्यानंतर नियम केला. एक सीट विकायची, तिच्यावर ट्रक हलतो. दुसरी विकायची नाही. तिचा खर्च रिबोरिंगच्या कमाईतून आणि स्पॉन्सरकडून उभा करायचा आणि तिच्यात चाचणी घेऊन निवडलेला मुलगा बसवायचा. घरात यावर बरंच बोलणं झालं. माझ्या धाकट्या भावाचं म्हणणं, आधी दोन हंगाम दोन्ही सीट विकून गल्ला भरू, मग बघू. हिशेबाने त्याचं बरोबर होतं. पण शेपटीला धावणाऱ्या टीमची सीट दुसऱ्या वर्षी घेणार कोण? पैसे देणारा बापसुद्धा आधी निकालाचा कागद बघतो.

पहिल्या चाचणीतून आलेला मुलगा कागल तालुक्यातला, कार्टिंगमधून वर आलेला. सर्वांत वेगवान तो नव्हता. पण गाडीतून उतरल्यावर तो म्हणाला, "काका, डावीकडच्या लांब वळणात तोंडाशी पुढचं चाक सरकतंय, मधे गेलो की मागचं. पहिल्या दोन लॅपला नव्हतं हे." आमच्या जुन्या मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि पाना उचलला. मागचा दाब उतरवला, पुढची टो किंचित बदलली आणि पुढच्या सेशनला त्याच गाडीने वेळ कमी केला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोच बदल दुसऱ्या गाडीत केला आणि विकलेल्या सीटवरचा मुलगाही पुढे सरकला. त्या हंगामात आम्ही शेपटी सोडून मधल्या घोळक्यात आलो. पुढच्या वर्षी कागलच्या पोराने आम्हाला पहिला पोडियम मिळवून दिला, तिसरा क्रमांक. शेवटचे लॅप चार गाड्या एकमेकींच्या ओढीत नाकाला शेपूट लावून चालल्या होत्या, आणि मी मात्र टायरच्या रॅककडे तोंड करून उभा होतो. बघवत नव्हतं.

स्पॉन्सर मिळवणं हे गाडीपेक्षा अवघड काम. क्रिकेटच्या देशात मोठ्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्याला आमच्या शर्यतीचे प्रेक्षक किती, टीव्हीवर दिसणार किती, हे हवं असतं, आणि आमच्याकडे दाखवण्यासारखं फार नसतं. एका पुणेकर कंपनीने तोंडी होकार दिला, आम्ही गाडी त्यांच्या रंगात रंगवली आणि हंगामाच्या तोंडावर त्यांचं बजेट रद्द झालं. तेव्हापासून करार सहीचा झाल्याशिवाय गाडीला रंग लागत नाही.

शेवटी उभे राहिले ते इथलेच लोक. शिरोली आणि गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, एक टायर विक्रेते, एक ऑइलचे वितरक. यांना प्रेक्षकांचे आकडे दाखवून उपयोग नसतो. मी सरळ म्हणायचो, पैलवानाला खुराक लागतो तसा गाडीला टायर लागतो, तुम्ही एका फेरीचा खुराक घ्या. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि खासबागचं मैदान उभं केलं, त्या गावात हे वाक्य समजवावं लागत नाही. बदल्यात आम्ही गाडी त्यांच्या कारखान्यात नेतो. मोल्डिंगवर काम करणारी माणसं जेवणाच्या सुट्टीत येऊन सीटमध्ये बसतात, आपण ओतलेल्या धातूचा भाग गाडीत कुठे असतो ते विचारतात, पोरांना घेऊन येतात. मालकांना त्याचं मोल वाटतं आणि पुढच्या वर्षीचा फोन तेच करतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि आमचा ट्रक शेडमध्येच अडकला. ठरलेला सराव गेला. पण त्या हंगामात आम्ही कोणाकडेही पैसे मागायला गेलो नाही. ज्यांच्या भट्ट्यांत पाणी, कामगारांच्या घरात पाणी, त्यांच्याकडे टायरचे पैसे मागायचे कसे? आमचीच पोरं पंप घेऊन मशिनी कोरड्या करायला गेली. त्या वर्षी न विकलेली सीट रिकामी राहिली, विकलेली एकच गाडी धावली. पुढच्या वर्षी कोरोनाने सगळ्यांनाच थांबवलं. या दोन वर्षांत टीम बंद करायचा विषय निघाला होता, खोटं कशाला सांगू.

अशा वेळी मला इटलीतल्या फाएन्झाच्या मिनार्डी टीमचं बळ वाटतं. १९८५ ते २००५, फॉर्म्युला वनमध्ये २१ हंगाम, एकही पोडियम नाही, सगळे मिळून ३८ गुण. पण पुढे जगज्जेता झालेल्या फर्नांडो अलोन्सोने पदार्पण केलं ते २००१ मध्ये मिनार्डीत, आणि मार्क वेबर २००२ मध्ये पदार्पणातच मेलबर्नला त्यांच्या गाडीत पाचवा आला. पैसे कमी होते, तरी माणूस ओळखण्याची नजर होती. आणि २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेलेली विजय मल्ल्यांची, आपली फॉर्म्युला वन टीम फोर्स इंडिया? मालक बदलले, नाव बदललं, पण सिल्व्हरस्टोनच्या त्याच कारखान्याची गाडी २०२० मध्ये बहारीनमधल्या साखीरला सर्जिओ पेरेझने पहिल्या लॅपला शेवटी पडूनही जिंकून दाखवली. कारखान्यातली माणसं टिकली होती म्हणून हे झालं. आमचे जुने मिस्त्रीही त्या दोन वर्षांत कुठे गेले नाहीत. रिबोरिंग करत राहिले.

कागलचा मुलगा आता दुसऱ्या, आमच्याहून मोठ्या टीममध्ये आहे. त्याला सोडताना आम्ही एक रुपया मागितला नाही, मागणारही नव्हतो. तो अजून फोन करून ट्रॅकचं तापमान आणि टायरचा दाब सांगतो, आणि ते आमच्या वहीत जातं.

सध्या दोन्ही गाड्या धावत्या आहेत. एक सीट एका सांगलीकर कुटुंबाने या हंगामापुरती घेतली आहे. दुसरीसाठी पावसाळा सरला की चाचणी घेऊ. एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं लायसन्स निवड झाल्यावर काढलं तरी चालेल, ते कसं काढायचं ते आम्ही सांगू. कार्टिंग केलेलं असेल तर बरं, नसेल तरी या. चाचणीत वेळ घड्याळ मोजेल. मिस्त्री मात्र तुम्ही गाडीतून उतरल्यावर काय सांगता ते ऐकतील, आणि निवडीत अर्धं मत त्यांचं असतं.