आधी कागद, मग पत्रा, इंजिन सगळ्यात शेवटी: मुंबईत जुनी युरोपियन गाडी पारखताना

जुनी युरोपियन गाडी बघायला गेलं की विकणारा पहिल्यांदा बॉनेट उघडतो आणि इंजिन चालू करून दाखवतो. मी इंजिन शेवटी बघतो. फियाटचं किंवा बीटलचं इंजिन बांधून देणारे मेस्त्री मुंबईत आजही आहेत, आणि पिस्टन-रिंगा, बेअरिंग, गॅस्केट कुर्ला आणि ऑपेरा हाउसच्या बाजारात फिरलं की बहुतेक वेळा मिळतात. आतून सडलेला सांगाडा आणि अर्धवट कागदपत्रं मात्र पैसे टाकूनही वर्षानुवर्षं पाठ सोडत नाहीत. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत इथली गाडी बाहेरून चकचकीत आणि आतून पोकळ असू शकते. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: कागद, पत्रा, गाडीखालची बाजू, थंड इंजिन, मग चक्कर. मुंबईत वारंवार विक्रीला येणाऱ्या तीन गाड्या धरून लिहितो: फोक्सवॅगन बीटल, मर्सिडीज डब्ल्यू १२३ आणि कुर्ल्यात प्रीमियरने बनवलेली इटालियन घाटाची फियाट ११००, म्हणजे पुढची पद्मिनी.

फोनवरच मी आरसीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि चेसिस नंबर कोरलेल्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागतो. "साहेब, आधी गाडी तर बघा, कागद क्लिअर आहेत," असं उत्तर आलं तरी फोटो येईपर्यंत मी निघत नाही. परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा, काळ्या यादीतली नोंद दिसते. १९८९ च्या आधीचे, म्हणजे एमएच सुरू होण्यापूर्वीचे नंबर कित्येकदा ॲपवर येतच नाहीत, कारण जुन्या आरसी बुकातली नोंद संगणकावर चढलेलीच नसते. ती बॅकलॉग एंट्री मूळ आरटीओत करून घ्यावी लागते. हे काम मी विकणाऱ्याकडून, पैसे देण्याआधी करून घेतो. "नंतर होऊन जाईल" यावर विसंबू नये, कारण मूळ रजिस्टरच सापडलं नाही तर गाडी नावावर होणं अडकतं.

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. २०२५ च्या ऑगस्टपासून २० वर्षांहून जुन्या कारच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये आहे आणि आयात केलेल्या चारचाकीला ते ८०,००० आहे. म्हणून डब्ल्यू १२३ च्या आरसीवर आयातीची नोंद आहे का, हे आधी बघावं. मुदत उलटून गेली असेल तर दर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क वेगळं, शिवाय राज्याचा पर्यावरण कर. पाच-सात वर्षं बंद पडलेल्या गाडीचा हा आकडा काढूनच भावाचं बोलावं.

मुंबईत आणखी एक प्रकार नेहमी दिसतो. गाडी वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, ते हयात नाहीत, आणि नातू विकायला निघालेला. अशा वेळी आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने हस्तांतरण, बाकीच्या वारसांची ना हरकत, आणि मग फॉर्म २९ आणि ३० वर आपल्या नावावर. मृत व्यक्तीच्या नावाने आधीच सही केलेले फॉर्म कोणी पुढे केले तर सरळ नको म्हणावं.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली आणि मूळ रूपात असलेली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच. रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हला सहज फेरी मारायची असेल तर साधी नोंदणी चालू असलेलीच गाडी घ्यावी.

चेसिस नंबर नुसता आरसीशी जुळवून थांबू नये, तो वाचावा. बीटलचा नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर कोरलेला असतो. १९६५ च्या मॉडेलपासून पहिले दोन आकडे प्रकार सांगतात, ११ म्हणजे बंद टपाची साधी बीटल, आणि तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा असतो. नंबर ११७ ने सुरू होत असेल तर गाडी १९६७ मॉडेलची. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू होत असल्यामुळे ती १९६६ च्या शेवटी बनलेली असू शकते. डब्ल्यू १२३ चा नंबर बॉनेटखाली फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर असतो. १२३.१२३ म्हणजे २४०डी, १२३.१३० म्हणजे ३००डी. पुढचे दोन आकडे फार कामाचे: १० किंवा १२ असेल तर गाडी कारखान्यातून डाव्या स्टेअरिंगची निघाली, २० किंवा २२ असेल तर उजव्या, यातला दुसरा आकडा शून्य म्हणजे हाताचा गिअर, दोन म्हणजे ऑटोमॅटिक. स्टेअरिंग उजवीकडे आणि नंबरात १० दिसला तर ते इथे बदललेलं आहे. मग स्टेअरिंग बॉक्स कुठे आणि कसा बसवलाय, त्याभोवती वेल्डिंग कसं आहे, पेडलची रचना काय आहे, हे बघेपर्यंत गाडी चालवायलाही घेत नाही.

गाडी बघायची ती सकाळच्या उन्हात आणि कोरडी. "आत्ताच धुतली" म्हणाले तर सुकेपर्यंत थांबतो, कारण ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि लाटा दिसत नाहीत. खिशात मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक, टॉर्च, पातळ स्क्रूड्रायव्हर आणि रंगाची जाडी मोजायचं मीटर. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. ३०० च्या आसपास म्हणजे पुन्हा रंगवलेली. जुन्या गाडीत ते चालतं. १,००० च्या वर गेलं की खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. तिथे चुंबक धरत नाही आणि बोटाने टकटक केल्यावर आवाज बसका येतो. दरवाज्याच्या खालच्या काठावर लांबी असणं वेगळं आणि सिल (दरवाज्याखालचा बॉडीचा उंबरा) किंवा खांबाच्या बुडाशी असणं वेगळं. पहिलं टिनकामाचं बिल आहे, दुसऱ्यात गाडीचा कणाच गेलेला असतो.

बीटलमध्ये हा कणा म्हणजे दोन्ही बाजूंचे हीटर चॅनल. दरवाज्याखालून पुढून मागे जाणारी ही पोकळ पेटी हीटरची गरम हवाही नेते आणि बॉडीला ताकदही देते. मुंबईत हीटर कोणी लावत नाही, त्यामुळे आतली दमट हवा तशीच साचून राहते आणि पत्रा आतून खातो. तपासायची पद्धत अशी: दरवाजा उघडून-लावून बघा, बंद असताना त्याच्या कडेची फट डोळ्यात ठेवा, आणि त्या बाजूच्या जॅक पॉइंटला जॅक लावून चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. आता दरवाजा उघडा. आधी मोकळा उघडणारा दरवाजा वर घासायला लागला किंवा वरची फट बंद झाली, तर चॅनल वाकतोय. जॅक पॉइंटच आत दबला तर तपासणी तिथेच संपली. मग मागची सीट काढून उजवीकडची बॅटरीची जागा बघायची. ॲसिड सांडून तिथली फरशी हमखास खाल्लेली असते. काही ठिकाणी तिथे नुसता पत्रा टाकून चार टाके वेल्डिंग मारतात आणि वर काळा रंग फासतात. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेकडेने दाबत गेलं की जोड कुठे आहे ते कळतं. फरशीचा नवा पत्रा बसवणं अवघड नाही. दोन्ही चॅनल बदलायचे तर बॉडी चेसिसवरून उचलावी लागते, आणि ते नीट करणारे हात फार थोडे आहेत.

डब्ल्यू १२३ जाड पत्र्याची म्हणून लोक निर्धास्त असतात. माझी यादी: चारही जॅक पॉइंट, बॅटरीखालचा ट्रे, पुढच्या दिव्यांच्या मागचा आतला पत्रा, चाकांच्या कमानी, डिकीतली स्टेपनीची खोली, मागच्या काचेच्या रबराचा खालचा काठ. मागची काच गळली की पाणी डिकीत उतरतं, म्हणून स्टेपनी बाहेर काढल्याशिवाय बघू नये. सनरूफ असेल तर त्याचे निचऱ्याचे पाइप तुंबलेले नाहीत ना, हे बाटलीभर पाणी ओतून बघतो. पाणी चाकाजवळ खाली उतरलं पाहिजे.

पुराचं पाणीही विचारात घ्यावं लागतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या, आणि त्यानंतरही सखल भागांत गाड्या बुडतच आल्या आहेत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. पट्ट्याच्या आतल्या भागावर मातीची रेघ राहून जाते, कारण गाडी साफ करणारा तिथवर पोचत नाही. सीटच्या रेल्सखाली आणि डॅशबोर्डमागे सुकलेला गाळही असाच राहतो.

फियाटमध्ये वेगळी काळजी: गाडी पूर्वी टॅक्सी होती का? जुने यांत्रिक मीटर डाव्या बाजूला बाहेर बसवलेले असत. तिथे भरलेली भोकं, छताच्या पन्हळीवर कॅरिअरचे दाब, डिकीत सीएनजी टाकीच्या ब्रॅकेटची भोकं दिसली की आरसीवरचा इतिहास पुन्हा वाचावा. टॅक्सी म्हणून झिजलेली १,०८९ सीसीची गाडी पुन्हा उभी करता येते, पण किंमत त्या हिशेबाने हवी. स्टेअरिंगवरचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना अडकत असेल तर बहुतेक वेळा दांड्यांचे बुश झिजलेले असतात, गिअर बॉक्स नव्हे. भाव करताना हा फरक माहीत असावा.

आता इंजिन, आणि ते थंडच हवं. बॉनेटवर, बीटल असेल तर मागच्या झाकणावर, आणि एक्झॉस्टजवळ हात नेऊन बघतो. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी येतो, कारण अवघड स्टार्ट लपवायला गाडी आधीच तापवून ठेवतात.

बीटलचं इंजिन बंद असताना खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे ओढायची. क्रँकचा हा खेळ नव्या इंजिनात ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर असतो आणि मर्यादा ०.१५ आहे, म्हणजे हाताला जेमतेम जाणवेल इतका. स्पष्ट खटखट ऐकू आली तर क्रँककेसच लेथवर न्यावी लागणार. नंतर इंजिनभोवतीची रबरी पट्टी आणि सगळे पत्रे जागेवर आहेत का ते बघायचं. हवेवर थंड होणाऱ्या या इंजिनात ती पट्टी नसली तर खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते. जुन्या रचनेत ऑइल कूलर पंख्याच्या आवरणातच असल्यामुळे तीन नंबरच्या सिलिंडरला हवा कमी मिळते, आणि ट्रॅफिकमध्ये पहिला तोच जातो. पेट्रोलचे पाइप वाकवून बघा. कापडी विणीचा पाइप वरून चांगला दिसतो आणि आत तडकलेला असतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर आणखी लवकर मऊ पडतं. पाइप इंजिनवरच असल्याने गळती म्हणजे थेट आग.

२४०डी किंवा ३००डी चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून तसंच वर ठेवायचं. झाकण जागेवर थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर रिंगा गेल्या. शंका वाटली तर कॉम्प्रेशन मोजायचं: १५ बारच्या खाली कोणताही सिलिंडर नको आणि सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको. चावी फिरवूनही इंजिन बंद झालं नाही तर घाबरू नये. या डिझेलमध्ये इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं. गळती बरेचदा सेंट्रल लॉकच्या एखाद्या पडद्यात असते, आणि हाताने बंद करायला बॉनेटखाली स्टॉप लिहिलेला लिव्हर आहे. किलोमीटरच्या आकड्यावर मात्र मी काहीच ठरवत नाही, कारण या मीटरमधले प्लास्टिकचे गिअर तुटतात आणि आकडा वर्षानुवर्षं एकाच जागी राहतो.

चक्कर निदान ४० मिनिटांची हवी, आणि त्यात गर्दीही हवी, चढही हवा. केम्प्स कॉर्नरकडून मलबार हिलवर जाणारा चढ उत्तम. दुसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरतो का, डिझेल काळा धूर सोडतं का, चढ उतरताना पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटतो का, हे तिथेच कळतं. परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चालू करायचं. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होणं, तापलेला स्टार्टर न फिरणं ही दुखणी याच वेळी बाहेर येतात. गरम असताना मंद चालीवर डब्ल्यू १२३ चा ऑइलचा काटा ०.३ बारच्या खाली जाऊ नये आणि ॲक्सिलरेटर दाबताच ३ ला टेकावा. बीटलमध्ये याच वेळी ऑइलचा दिवा लुकलुकतो का ते बघावं.

भाव बोलायच्या आधी एका कागदावर दोन रकाने करतो: जे इथे मिळतं ते आणि जे मिळत नाही ते. दुसऱ्या रकान्यात काच, क्रोमच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या लेन्स, डॅशबोर्डचं लाकूड येतं. हेच सामान बाहेरून मागवताना गाडीच्या भावाला जाऊन भिडतं, म्हणून तुटकं इंजिन आणि पूर्ण ट्रिम असलेली गाडी मला उलट्या प्रकारच्या गाडीपेक्षा नेहमी बरी वाटते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी टायर दहा वर्षांचे असतील तर नव्या टायरचा खर्च हिशेबात धरायचा.

बयाणा द्यायचा तो लेखी: चेसिस आणि इंजिन नंबर, ठरलेली रक्कम, बॅकलॉग किंवा वारसाचं काम कोण करणार, आणि आरटीओत नंबर जुळला नाही तर बयाणा परत. चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, म्हणजे कोरलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा, त्याच कागदाला जोडतो. विम्यासाठी पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. त्यामुळे ताब्यात घेण्याआधी मूल्यांकन आणि सगळ्या बाजूंचे फोटो तयार ठेवावेत, आणि गाडी घरी आणण्याआधी पेट्रोलचे पाइप, ब्रेकचे होज आणि फॅन बेल्ट बदलून घ्यावेत.